पाळक कोणाचा?

१९१७ साली अमेरिकन मराठी मिशनच्या एका ज्येष्ठ पाळकाने आपल्या चाकरीचा राजीनामा दिला. त्या वेळी त्यांचे वय पंचावन्न होते. या वयात सामान्य माणूस उतारवयाची तरतूद करू लागतो. या पाळकाने हातातला नियमित पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचा निश्चय जाहीर केला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशीच न घेतलेल्यांनाही होती. पाळकाचे नाव नारायण वामन टिळक. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले आणि दरबाराचे स्वप्न बहुतांशी त्यांच्याबरोबरच विरले.

मराठी माणूस टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. शाळेच्या पुस्तकातली त्यांची कविता त्याला पाठ असते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्या त्यांची भजने दर रविवारी गातात. पण त्या राजीनाम्याविषयी दोन्हीकडे मौन आहे. टिळकांच्या जीवनातील सर्वांत बोलकी कृती तीच आहे, कारण तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे. धर्मोपदेश करणारा माणूस नेमका कोणाचा असतो? ज्यांच्यासमोर तो उभा राहतो त्यांचा, की ज्यांच्या पैशावर तो उभा असतो त्यांचा? या प्रश्नाला शंभर वर्षे उलटून गेली. चर्चने त्याचे उत्तर दिलेले नाही. आणि तो प्रश्न केवळ चर्चपुरता आहे, असे समजून स्वस्थ बसण्याचा अधिकार हिंदू समाजालाही नाही.

भाकरीसाठी गेलेला माणूस नव्हे

मिशनरी कार्याची चर्चा निघाली की एक ठरावीक आक्षेप पुढे येतो. दुष्काळ, दारिद्र्य आणि रोग यांचा लाभ उठवून माणसे बाटवली गेली, हा तो आक्षेप. त्यात तथ्य नाही असे कोणीही म्हणणार नाही. १८७६ ते १८७८च्या भीषण दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात धर्मांतरितांची संख्या झपाट्याने वाढली, ही इतिहासाची नोंद आहे. पोटात अन्न नसलेल्या माणसापुढे धान्य आणि धर्मग्रंथ एकाच हाताने ठेवला जातो, तेव्हा त्याच्या होकाराला श्रद्धा म्हणायचे की भूक, हा प्रश्न प्रामाणिक मिशनऱ्यांनाही सतावत होता.

परंतु टिळकांना हा आक्षेप लागू पडत नाही. जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. कुळ चित्पावन ब्राह्मणाचे. संस्कृतचा व्यासंग, कवित्वाची देणगी आणि धर्मविषयक अखंड जिज्ञासा ही त्यांची संपत्ती. १८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यात लाभ कोणताच नव्हता. जात गेली, गोत गेले, मित्र दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने पंढरपुरात राहिल्या. पुढे त्या पतीजवळ आल्या, पण तेव्हाही सोवळे-ओवळे सांभाळूनच. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाशी दीर्घकाळ झगडून. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणत्याही माणसाला हा झगडा खोटा होता असे म्हणवणार नाही.

म्हणूनच टिळकांचा राजीनामा महत्त्वाचा ठरतो. ज्याला भाकरीने आणले होते, त्याने भाकरी सोडली असती तर त्याला कृतघ्न म्हणता आले असते. टिळक ख्रिस्ताच्या भक्तीने आले होते आणि त्याच भक्तीसाठी त्यांनी मिशनचा पगार सोडला. ख्रिस्त त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. मिशनऱ्यांशी असलेला व्यक्तिगत स्नेहही तोडला नाही. मतभेद माणसांशी नव्हता, तो व्यवस्थेशी होता.

पगार आणि पाळक

ही व्यवस्था काय होती, हे समजून घेतले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईला उतरले. तेव्हापासून कामाची घडी एकच होती. पैसा समुद्रापलीकडच्या दानशूर भाविकांचा. कारभार त्यांनी पाठवलेल्या मिशनऱ्यांचा. गावोगाव पायपीट करणारा पाळक, शिक्षक आणि प्रचारक मात्र देशी. मृत्युशय्येवरच्या म्हाताऱ्याजवळ रात्र जागवणारा हाच देशी माणूस. भावाभावांच्या बांधावरच्या तंट्यात मध्यस्थी करणारा हाच. लग्न लावणारा, मूठमाती देणारा, प्लेगच्या छावणीत जाणारा हाच. पण त्याची नेमणूक, बदली आणि वेतन ठरत असे मिशनच्या बैठकीत. वर्षअखेरीस अहवाल जाई तोही समुद्रापलीकडे आणि त्या अहवालाचा आत्मा म्हणजे संख्या. किती गावे झाली, किती शाळा उघडल्या, किती बाप्तिस्मे झाले.

या रचनेत वाईट हेतू शोधण्याची गरज नाही. दूर देशातला दाता आपल्या पैशाचे काय झाले हे विचारणारच. पण जे मोजता येते तेवढेच विचारले जाते. पाळकाने एका विधवेचे अश्रू पुसले, एका दारुड्याची दारू सुटेपर्यंत वर्षभर त्याच्या घरी खेपा घातल्या, हे कोणत्या रकान्यात लिहायचे? बाप्तिस्म्याला मात्र रकाना असतो. हळूहळू रकाना पाळकाला घडवू लागतो. मंडळीकडे असलेले त्याचे तोंड वळते आणि अहवालाकडे होते. ज्याच्या हाती पाळकाची पोळी, त्याच्याच तालावर पाळकाची वाणी, हा मनुष्यस्वभाव आहे. त्याला ख्रिस्ती धर्म अपवाद नाही आणि हिंदू धर्मही नाही.

हे दुखणे एकट्या टिळकांना जाणवले असेही नाही. १९०५ साली श्रीरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय व्यवस्थापन ही त्या संस्थेची त्रिसूत्री होती. तिच्या संस्थापकांतील एक प्रमुख वेदनायकम सॅम्युएल अझरिया १९१०च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत बोलायला उभे राहिले. पाश्चात्त्य मिशनऱ्यांचा त्याग त्यांनी मान्य केला आणि त्यांच्यासमोरच सांगितले की, भारतीय ख्रिस्ती माणसाला आता त्यांच्याकडून मैत्री हवी आहे. स्वतःचे शरीर जाळायला देणारे मिशनरी एका ताटात जेवणारे मित्र होऊ शकत नाहीत, हे त्यांचे शल्य होते. सभागृह अस्वस्थ झाले. पुढे १९१२ साली हेच अझरिया अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले.

बंगालमधील ब्रह्मबांधव उपाध्याय यांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. टिळकांच्याच वर्षी, १८६१ साली जन्मलेल्या या तेजस्वी पुरुषाने १८९१ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु जन्माने व संस्कृतीने आपण हिंदू आहोत हे कधी नाकारले नाही. भगवी वस्त्रे धारण केली. ख्रिस्तभक्तीला वेदान्ताच्या भाषेत मांडण्याचा खटाटोप केला. नर्मदेच्या तीरावर ख्रिस्ती संन्याशांचा मठ उभारण्याचे स्वप्न पाहिले. रोमच्या प्रतिनिधींनी त्या मठाला आधार दिला नाही आणि त्यांच्या ‘सोफिया’ नियतकालिकापासून श्रद्धाळूंना दूर राहण्यास सांगितले. शेवटी ‘संध्या’ पत्रातील लेखनाबद्दल राजद्रोहाचा खटला चालू असतानाच १९०७ साली त्यांचे निधन झाले. चर्चला आपल्या पदरातला हिंदू संन्यासी पेलला नाही, देशाला मात्र तो पेलला.

गीत स्वीकारले, प्रश्न नाकारला

चर्चची बाजू मांडणारे म्हणतील की, भारतीय रूपाचा स्वीकार तर केव्हाच झाला आहे. उपासना मराठीत होते, भजने मराठी चालींवर होतात, टाळ-मृदंग वाजतो, कीर्तनही होते. हे खरे आहे आणि त्याचे मोठे श्रेय टिळकांकडेच जाते. इंग्रजी चालींवर बसवलेल्या गीतांच्या काळात त्यांनी शेकडो भजने रचली. मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहाचा मोठा हिस्सा आज त्यांचाच आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची कबुली होती आणि ती त्यांच्या ओवी-अभंगांत पदोपदी दिसते.

पण भाषेचा स्वीकार आणि माणसाचा स्वीकार या दोन गोष्टी आहेत. या बाबतीत गोव्याचा इतिहास डोळे उघडणारा आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्लंडचे जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स या भूमीच्या भाषेवर इतके लुब्ध झाले की त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. मराठीचा गौरव त्यांनी ज्या प्रेमाने केला, त्या प्रेमाने तो फार थोड्या मराठी कवींनी केला असेल. आणि त्याच गोव्यात, १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या उच्चाटनाचे फर्मान काढले. तीन वर्षांत लोकांनी पोर्तुगीज बोलावे अशी आज्ञा झाली. १५६० पासून १८१२ पर्यंत त्याच भूमीवर इन्क्विझिशनचे धर्मन्यायालयही नांदत होते. एका पाळकाने भाषा आपलीशी केली, तेव्हा त्याच्यामागची सत्ता मात्र भाषेची आणि भाषकांची मालकीण होऊ पाहत होती. ओवी गोड होती, पण हुकूम कोणाचा हा प्रश्न ओवीने सुटला नाही.

पंडिता रमाबाईंनाही हे कळले होते. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही तिथल्या धर्मभगिनींनी आपल्या बुद्धीला लगाम घालावा हे त्यांनी मान्य केले नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, संस्कृत का चालू नये, असा रोकडा प्रश्न त्यांनी विचारला. प्रश्न अक्षरांचा दिसतो. वस्तुतः तो अधिकाराचा होता. ख्रिस्त माझा आहे की तुम्ही मला दिलेला आहे? टिळकांनी चौतीस वर्षांनी पगार सोडून हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. चर्चने टिळकांची भजने घेतली, रमाबाईंचे भाषांतरित बायबल घेतले, आणि प्रश्न तेवढा बाजूला ठेवला.

स्वातंत्र्यानंतरचा हिशेब

स्वातंत्र्यानंतर पाश्चात्त्य मिशनऱ्यांची संख्या कमी झाली, संस्थांची सूत्रे भारतीयांकडे आली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक पंथांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांचा वारसा या प्रवाहात मिळाला. कागदोपत्री पाळक भारतीय चर्चचा झाला. मग टिळकांचा प्रश्न सुटला असे म्हणावे काय?

मध्यप्रदेश शासनाने १९५४ साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली प्रसिद्ध झाला. वनवासी भागांत शाळा, इस्पितळे आणि कर्ज यांच्या आडून धर्मांतर कसे चालते आणि त्यामागे परदेशातून येणारा पैसा कसा उभा असतो, याची दखल त्या अहवालाने घेतली. चर्चने अहवाल एकांगी ठरवला. वाद होऊ शकतो, पण अहवालाने ज्या जागी बोट ठेवले ती जागा टिळकांच्या राजीनाम्याचीच होती. १९७६ साली परदेशी निधीच्या नियमनाचा कायदा झाला, २०१० साली त्याच्या जागी नवा कायदा आला आणि २०२० साली तो अधिक कडक करण्यात आला. प्रत्येक वेळी चर्चच्या वर्तुळातून धर्मस्वातंत्र्यावर घाला आल्याची ओरड झाली. पण एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. ज्या मंडळीत पाळक उपासना चालवतो, ती मंडळी त्याचा चरितार्थ का चालवू शकत नाही? आणि ती तो चालवू शकत नसेल, तर पाळकाने कोणाची भाषा बोलावी?

याच संदर्भात १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय विसरता येत नाही. घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने दिलेला प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. आपल्या श्रद्धेचे सांगणे आणि दुसऱ्याला आपल्या रकान्यात ओढणे यांतील रेषा न्यायालयाने कायद्याने आखली. टिळकांनी ती साठ वर्षे आधी आचरणाने आखली होती. बाप्तिस्मा न घेतलेला शिष्यही त्यांच्या दरबारात बसत असे, याचा अर्थ दुसरा काय होतो?

येथे एक प्रतिवाद नेहमी येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. परदेशी पैसा नसता तर मिरजेचे इस्पितळ उभे राहिले असते काय? डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या वैद्यकीय सेवेने दक्षिण महाराष्ट्रातील असंख्य माणसांचे प्राण वाचवले. हे कार्य नाकारणारा कृतघ्न ठरेल. पण याच प्रतिवादातून मूळ मुद्दा अधिक ठळक होतो. इस्पितळाचे मोल बऱ्या झालेल्या रुग्णांत असते. तिथे त्या रुग्णाचा धर्म मोजला गेला, तर सेवेचा व्यवहार होतो. सेवा निर्हेतुक असेल तर तिला रकान्याची गरज नाही, आणि रकाना असेल तर तिला निर्हेतुक म्हणता येत नाही.

ज्यांनी रकाना नाकारला, त्यांचे चर्चने काय केले हेही पाहावे. जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात १९२७ साली व्हेरिअर एल्विन हा तरुण इंग्रज पुरोहित आला. गांधीजींच्या प्रभावाखाली तो स्वराज्याचा पक्षपाती झाला. १९३२ साली शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती सहकाऱ्याबरोबर तो मंडला जिल्ह्यातील गोंडांमध्ये राहायला गेला. गोंडांना ख्रिस्ती करण्याचे काम त्याने नाकारले आणि ब्रिटिश राजनिष्ठेची शपथही नाकारली. नागपूरच्या बिशपने त्याला पुरोहितपदाचा परवाना दिला नाही आणि अखेर एल्विन चर्चबाहेर पडला. १९५४ साली तो भारताचा नागरिक झाला. गोंडांच्या पाड्यावर झोपणारा पाळक चर्चला नको होता. राजाच्या नावाने शपथ घेणारा पाळक हवा होता.

आणि समतेचा दावा? जातीच्या जाचातून सुटण्यासाठी ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्यापैकी अनेकांना चर्चमध्येही वेगळी बाके आणि वेगळ्या दफनभूमी पाहाव्या लागल्या. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित ख्रिस्ती बांधवांसाठी जे धोरण प्रसिद्ध केले, त्यात चर्चमधील अस्पृश्यतेची कबुली द्यावी लागली. ही कबुली प्रामाणिक आहे आणि तिचा आदर केला पाहिजे. परंतु शतकानुशतके अहवालांत संख्या लिहिताना हे बाक कोणाला दिसले नाही, कारण अहवालात बाकाला रकाना नव्हता.

आरसा आपल्याही दारात

येथपर्यंत वाचून ज्यांना समाधान वाटले असेल, त्यांनी आता थोडे थांबावे. टिळकांचा प्रश्न जितका चर्चला विचारायचा आहे, तितकाच तो हिंदू समाजाला विचारायचा आहे.

तुकोबांचा सेतू ओलांडून टिळक पलीकडे गेले, असे म्हणताना एक गोष्ट विसरली जाते. सेतूच्या अलीकडच्या काठावर त्यांना थांबवण्यासारखे काय होते? जातिभेदाविषयीची त्यांची तळमळ ऐकून घेणारे किती जण होते? नगर जिल्ह्यातील दुष्काळग्रस्त महार-मांग बांधवांच्या दारात मिशनरी गेला, तेव्हा गावातला वतनदार, शास्त्री आणि सावकार कोठे होते? धर्मांतरावर आक्षेप घेणाऱ्याला या प्रश्नांतून सुटका नाही. ज्याला आपल्या विहिरीवर पाणी भरू दिले नाही, तो दुसऱ्याच्या विहिरीवर गेला म्हणून त्याच्यावर रागावण्याचा अधिकार कोणत्या तोंडाने सांगायचा?

कीर्तनाचा मोबदला घेणारा आणि देणारा अशा दोघांनाही तुकोबांनी कठोर शब्दांत बोल लावला आहे. आज त्याच तुकोबांचे अभंग गाऊन कीर्तनाची सुपारी हजारोंच्या आकड्यांत ठरवणारे कीर्तनकार गावोगावच्या सप्ताहांना माहीत आहेत. ज्याच्या हाती पोळी त्याच्या तालावर वाणी, हे सूत्र व्यासपीठावर टाळ वाजतो म्हणून बदलत नाही. सप्ताहाचा खर्च करणाऱ्या गावपुढाऱ्याच्या दोषांवर कीर्तनात किती वेळा बोट ठेवले जाते, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा. पाळकाला परदेशी दात्याचे मिंधेपण असेल, तर कीर्तनकाराला स्थानिक दात्याचे असते. दोन्ही ठिकाणी देव उपाशी राहतो.

सेवेच्या बाबतीतही तेच. वनवासी पाड्यांवर, झोपडपट्ट्यांत, रुग्णालयांत आज हिंदू संघटनांचे हजारो कार्यकर्ते निष्ठेने काम करीत आहेत, ही समाधानाची बाब आहे. पण त्या कार्यकर्त्यानेही स्वतःला विचारले पाहिजे की, तो पाड्याचा झाला आहे की कार्यालयाचा. त्याच्या अहवालात किती शाखा आणि किती कार्यक्रम एवढेच आहे, की एखाद्या घरातल्या आजाऱ्याशेजारी जागवलेली रात्रही आहे? रकान्याचा रोग सर्वधर्मसमभावाने पसरतो.

आणि ज्यांनी या प्रश्नाचे उत्तर हिंसेने द्यायचा प्रयत्न केला, त्यांनी हिंदू समाजाची सर्वांत मोठी हानी केली. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जिवंत जाळली गेली. लहान मुलांना जाळणाऱ्याला कोणताही धर्म आपला म्हणू शकत नाही. नियोगी अहवालाने घेतलेले प्रश्न असोत वा न्यायालयाने आखलेली रेषा असो, हे सारे त्या एका रात्रीच्या ज्वाळांत कोणालाही ऐकू येईनासे झाले. वाद शब्दाने जिंकायचा असतो. आगीने तो हरला जातो.

ख्रिस्ती म्हणजे परका, हे समीकरणही टिळकांच्या घराने केव्हाच मोडीत काढले आहे. नगरच्या त्या घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, मुलासारखे राहिले, वाढले आणि हिंदूच राहिले. जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचेच मिशनरी. त्यांनी उत्तरायुष्य मराठी संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर करण्यात घालवले आणि महिपतींचा ‘भक्तविजय’ जगापुढे नेला. उपदेश करायला आलेला माणूस संतांचा सेवक झाला. २०२० साली उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा काही जणांनी केवळ त्यांच्या झग्यावरून विरोध केला. हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेला आणि ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारा तो माणूस मराठी मातीतला होता. २०२४ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा वसईतल्या हिंदू घरांतही सुतक आल्यासारखे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. त्यांच्या मतांशी वाद घालता येतो. त्यांच्या मराठीपणाशी वाद घालणाऱ्याने आपले ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा एकदा वाचावे.

उत्तराची वाट

मग चर्चकडून अपेक्षा कोणती? ख्रिस्त सोडावा, अशी मागणी कोणी करू नये. ती टिळकांच्या स्मृतीचाही अपमान करणारी होईल. अपेक्षा एवढीच की, टिळकांनी साताऱ्यात जे आरंभले ते पुरे करावे. मंडळीने आपल्या पाळकाला आपल्या घामाच्या पैशावर पोसावे, मग तो पैसा थोडा का असेना. मंडळीचा आणि मालमत्तेचा जमाखर्च मंडळीच्या उंबरठ्यावर वाचून दाखवावा. बाप्तिस्म्यांची संख्या मोजणे सोडावे. ज्याने बाप्तिस्मा घेतलेला नाही, त्याच्याही दुःखात पाळकाने त्याच निष्ठेने जावे आणि परत येताना हातात नोंदवही नसावी. असा पाळक ज्या गावात असेल, त्या गावात धर्मांतरबंदीचा कायदा कोणाला आठवणारही नाही.

हिंदू समाजाकडूनही अपेक्षा तीच. ज्याची वाणी विकत घेता येत नाही, असा कीर्तनकार प्रत्येक गावाने जपावा. जो माणूस सेतूच्या काठावर उभा आहे, त्याचे म्हणणे तो पलीकडे जाण्यापूर्वी ऐकून घ्यावे. आजाऱ्याच्या घरी पहिली हाक मिशनच्या पाळकाला जाते की शेजाऱ्याला, यावरून त्या वस्तीतला हिंदू समाज जिवंत आहे की नाही, हे ठरवावे.

नारायण वामन टिळकांनी पंचावन्नाव्या वर्षी पगार सोडला, कारण देवाच्या दरबारात हजेरीपट नसतो हे त्यांना उमगले होते. त्यांची भजने आज गायली जातात, त्यांच्या कविता आजही मुले पाठ करतात. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन्ही काठांवरच्या माणसांनी अजून द्यायचे आहे.